भूक कमी करणारी औषधं काम कशी करतात? आणि चिठ्ठी का लागते?



एरवी आपण इथे बॅटरी, प्रोसेसर, यूपीआयचे घोटाळे असल्या गोष्टी समजून घेतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही तुमच्या-माझ्या फोनमधूनच आलाय. हल्ली फीड उघडलं की वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनची एखादी तरी रील दिसतेच. कुणी 'आधी आणि नंतर'चे फोटो टाकतं, कुणी पोटावर पेन टोचताना दाखवतं. आणि मेसेजमध्ये प्रश्न येतो, "दादा, ते पेनवालं इंजेक्शन ऑनलाइन मिळतंय, घेऊ का?"

मी डॉक्टर नाही. कुणी घ्यावं आणि कुणी नाही, हे तुमच्या तब्येतीकडे बघून डॉक्टरच सांगतील. पण हे औषध शरीरात जाऊन काय करतं, धोका कुठून येतो आणि मध्ये चिठ्ठी नावाचा कागद कशाला लागतो, एवढं कळलं तर पुढची रील बघताना तुम्हाला स्वतःलाच बऱ्याच गोष्टी दिसायला लागतील. चला तर मग, सुरुवात भुकेपासूनच करू.

भूक पोटात लागते की डोक्यात?

पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो, पण भुकेचा हिशोब ठेवणारं ऑफिस मेंदूत आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक बदामाएवढा भाग असतो. शरीरभरातून तिथे सतत मेसेज येत असतात.

- पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं. त्याचा मेसेज: काहीतरी खा.
- जेवण आतड्यात पोचलं की आतड्यातून जीएलपी-१ आणि आणखी काही हार्मोन्स सुटतात. मेसेज: अन्न आलंय, आता हळू घ्या.
- चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात. मेसेज: साठा एवढा शिल्लक आहे. हे हार्मोन १९९४ मध्ये अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमनं शोधलं.

हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचे दोन गट असतात. एक गट 'खा' म्हणतो, दुसरा 'पुरे' म्हणतो. आलेल्या मेसेजवरून कुणाचा आवाज मोठा करायचा ते ठरतं. आपण डाएट करून वजन उतरवलं की चरबी कमी होते, लेप्टिन कमी होतं, आणि मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय. मग तो भूक वाढवतो. चार महिने नेटानं डाएट करून पाचव्या महिन्यात ज्याचं गाडं घसरतं, त्याला आळशी म्हणून मोकळं होऊ नका. त्याच्या विरुद्ध त्याचंच शरीर काम करत असतं.

आता एक मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा लागणार आहे. भुकेसाठी शरीराकडे वेगळी खास वायरिंग नाही. जी रसायनं भुकेचा निरोप नेतात, तीच दुसरीकडेही कामं करतात. सेरोटोनिन भूक सांभाळतं, तसंच मूडही सांभाळतं, आतडंही चालवतं. नॉरअॅड्रेनलिन भूक दाबतं, तसंच हृदयाचे ठोकेही वाढवतं.

फोनमध्ये एखाद्या ॲपला फक्त कॅमेऱ्याची परमिशन देऊन लोकेशन, कॉन्टॅक्ट्स बंद ठेवता येतात. शरीरात ही सोय नाही. औषध रक्तातून सगळीकडे फिरतं आणि जिथे जिथे त्याला चालणारं कुलूप सापडतं, तिथे तिथे ते किल्लीसारखं लागतं. या कुलपांना रिसेप्टर म्हणतात. भुकेच्या औषधांचा जवळपास सगळा इतिहास म्हणजे 'नको ते कुलूपही उघडलं' याचाच इतिहास आहे.

पहिली पिढी: शरीराला दचकवून भूक मारणं

रात्री घरी येताना मागे कुत्रं लागलं तर त्या क्षणी तुम्हाला भूक लागलेली आठवेल का? नाही. शरीर तेव्हा 'पळ किंवा लढ' या मोडमध्ये जातं. नॉरअॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, आणि जेवणाचा विचार बाजूला पडतो.

भुकेच्या पहिल्या गोळ्या हेच करायच्या. अॅम्फेटामाइन १९३० च्या दशकात औषध म्हणून बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायला ते दिलं गेलं. ते घेतलं की भूक मरते हे लक्षात आल्यावर ते वजन कमी करायलाही वापरलं गेलं. भूक मरायची हे खरं, पण झोप उडायची, रक्तदाब वाढायचा, आणि मुख्य म्हणजे त्याची सवय लागायची.

त्याच घराण्यातली पण सौम्य गोळी म्हणजे फेंटरमाइन. अमेरिकेत तिला १९५९ मध्ये मान्यता मिळाली आणि तिथे ती आजही डॉक्टर देतात. ती मुख्यतः नॉरअॅड्रेनलिन वाढवते. लेबलवर काही आठवड्यांपुरताच वापर लिहिलेला असतो, आणि सवय लागण्याच्या धोक्यामुळे ती तिथे नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. हृदयविकार, थायरॉइड जास्त असणं, काचबिंदू आणि गर्भारपण, यांत ती देतच नाहीत.

इथे आणखी एक अडचण येते. शरीर अशा दचकण्याला सरावतं. काही आठवड्यांनी तीच गोळी तेवढी चालत नाही. लक्ष ठेवणारा डॉक्टर असेल तर तो गोळी बंद करतो. कुणीच नसेल तर माणूस एकाच्या दोन घ्यायला लागतो, आणि तिथून पुढे सगळा भार हृदयावर येतो.

फेन-फेन: लाखो लोकांनी घेतलेली जोडगोळी

१९९० च्या दशकात अमेरिकेत एका जोडीनं धुमाकूळ घातला. एक फेंटरमाइन आणि दुसरी फेनफ्लुरामाइन. दोन्हींची नावं 'फेन'नं सुरू होतात म्हणून 'फेन-फेन'. फेनफ्लुरामाइन सेरोटोनिन वाढवून पोट भरल्याची भावना द्यायची. तिला १९७३ पासून मान्यता होती, फेंटरमाइनला त्याच्याही आधीपासून. पण दोन्ही एकत्र आणि दीर्घकाळ घेण्याला अमेरिकेच्या एफडीएनं कधीच मंजुरी दिली नव्हती. डॉक्टर आपल्या अधिकारात ती जोडी लिहून देत होते. वजन उतरत होतं, आणि ती लाखो लोकांपर्यंत पोचली.

जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ बायकांची माहिती जाहीर केली. सगळ्यांनी फेन-फेन घेतलेलं, आणि सगळ्यांच्या हृदयाच्या झडपांत बिघाड. हृदयातून रक्त पुढे जावं, मागे येऊ नये म्हणून या झडपा असतात. यांच्या झडपा जाड होऊन गळायला लागल्या होत्या. काहींना ऑपरेशन करावं लागलं. सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामाइन आणि तिची बहीण डेक्सफेनफ्लुरामाइन, दोन्ही बाजारातून मागे घेतल्या गेल्या.

कारण नंतर सापडलं. सेरोटोनिनची कुलपं बऱ्याच प्रकारची असतात. भुकेचं कुलूप वेगळं आणि हृदयाच्या झडपेवरच्या पेशींचं वेगळं, पण किल्ली दोन्हींना लागत होती. झडपेवरचं कुलूप सतत उघडं राहिल्यामुळे तिथल्या पेशी वाढत राहिल्या.

ही जोडगोळी घेणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्याकडे चिठ्ठी होती, डॉक्टर होते. तरीही धोका कळायला वर्षं गेली. पण तो कळला कसा, हे बघा. रुग्ण परत त्याच डॉक्टरांकडे आले, तपासण्या झाल्या, कुणीतरी सगळ्या फाइल्स शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यातलं साम्य दिसलं. या २४ जणींनी ती गोळी गुपचूप कुठून तरी मागवली असती, तर हे साम्य कुणालाच दिसलं नसतं.

आणखी तीन औषधं, आणखी तीन कुलपं

रिमोनाबँट. गांजा ओढणाऱ्याला नंतर कडाडून भूक लागते, हे तुम्ही ऐकलं असेल. मेंदूत ज्या कुलपावर गांजा काम करतो, ते कुलूप बंद केलं तर भूक कमी होईल, असा विचार झाला आणि तो खराही निघाला. २००६ मध्ये युरोपात औषध आलं. पण आनंद वाटण्याशीही त्याच कुलपाचा संबंध आहे. लोकांना नैराश्य यायला लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये युरोपात ते थांबवलं गेलं, भारतात २००९ मध्ये बंदी आली.

सिब्युट्रामिन. हे नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन दोन्ही मेंदूत जास्त वेळ टिकवायचं. सुमारे १० हजार लोकांवरच्या मोठ्या चाचणीत दिसलं की आधीच हृदयाचा धोका असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांसारख्या घटना १६ टक्क्यांनी वाढल्या. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते गेलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

लोर्कासेरिन. फेन-फेनचा धडा घेऊन बनवलेलं औषध. हे फक्त भुकेचंच सेरोटोनिन कुलूप उघडेल अशी रचना केली होती. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर सुमारे १२ हजार लोकांवर पाच वर्षं चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत ७.७ टक्के लोकांना कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांत ७.१ टक्के. फरक छोटा वाटतो, पण वजन कमी करण्यासाठी एवढा धोका पत्करायचा का, या प्रश्नावर २०२० मध्ये ते मागे घेतलं गेलं.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. तुमच्या ओळखीच्या पाच जणांना ते औषध 'एकदम सूट' झालं असतं. १२ हजार लोकांकडे पाच वर्षं बघत बसल्याशिवाय हा धोका दिसलाच नसता. म्हणून 'माझ्या मित्रानं घेतलं, त्याला काही झालं नाही' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

नवी पिढी: आतड्याचा मेसेज लांबवणारी इंजेक्शनं

आता वळू सध्या ज्यांची हवा आहे त्यांच्याकडे. सेमाग्लूटाइड म्हणजे ओझेम्पिक आणि वेगोव्ही. टिर्झेपटाइड म्हणजे मौंजारो. भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये आलं. सेमाग्लूटाइडच्या भारतातल्या मुख्य पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपलं की बाकीच्या कंपन्यांनाही ते बनवता येतं, आणि त्यामुळे हा विषय आणखी घरोघरी पोचणार.

वर आपण जीएलपी-१ पाहिलं, जेवणानंतर आतड्यातून सुटणारं. शरीरातलं हे हार्मोन दोनेक मिनिटांत मोडून जातं. मग औषध कसं बनवायचं? मार्ग मिळाला एका विषारी सरड्याकडून. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या लाळेत जीएलपी-१ सारखंच, पण सहज न मोडणारं एक रसायन असतं. डॉ. जॉन एंग यांनी ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. त्यावरून बनलेल्या एक्झेनाटाइड या औषधाला २००५ मध्ये मधुमेहासाठी मान्यता मिळाली.

सेमाग्लूटाइड सरड्यापासून बनलेलं नाही. ते माणसाच्या जीएलपी-१ मध्येच बदल करून तयार केलंय. त्याला स्निग्ध आम्लाची एक शेपटी जोडली आहे, ती रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे दोन मिनिटांऐवजी त्याचा निम्मा भाग संपायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणून आठवड्याला एकच इंजेक्शन. टिर्झेपटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचं कुलूपही उघडतं.

ही औषधं तीन ठिकाणी काम करतात. मेंदूत 'पुरे' म्हणणाऱ्या गटाचा आवाज वाढवतात. जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतात. आणि साखर वाढली की स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतात. शेवटच्या कामामुळेच ती मुळात मधुमेहाची औषधं आहेत.

गुण किती येतो? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ लोक होते. ६८ आठवड्यांत सेमाग्लूटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, खोटं औषध घेणाऱ्यांचं २.४ टक्के. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. टिर्झेपटाइडच्या २,५३९ लोकांच्या चाचणीत सगळ्यात मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के. जुन्या गोळ्यांच्या मानानं हे आकडे खूपच मोठे आहेत. खरोखर लठ्ठपणाचा आजार असलेल्या माणसासाठी हे औषध मोठा आधार आहे, हे मान्यच करायला हवं.

मग धोका कुठे?

सगळ्यात जास्त त्रास पोटाचा. वरच्या सेमाग्लूटाइडच्या चाचणीत सुमारे ४४ टक्के लोकांना मळमळ झाली, खोटं औषध घेणाऱ्यांत १७ टक्क्यांना. जुलाब, उलट्या, बद्धकोष्ठता हेही आहेच. बहुतेकांचा त्रास हळूहळू कमी होतो, पण त्यासाठी डोस अगदी छोट्यापासून सुरू करून महिन्यामहिन्यानं वाढवावा लागतो. घाई केली की शरीर झटका देतं. सतत उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

त्यापुढचे धोके कमी लोकांना होतात, पण गंभीर असतात:

- पित्ताशयातले खडे. वजन भरभर उतरलं की शक्यता वाढते.
- स्वादुपिंडाला सूज. पोटात असह्य दुखणं, ते पाठीकडे जाणं आणि उलट्या. हे झालं तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.
- थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठी. हे उंदरांमध्ये दिसलं. माणसांत होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर हे औषध देत नाहीत.
- डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक कमी होणं. युरोपच्या औषध नियामकानं जून २०२५ मध्ये सेमाग्लूटाइडसाठी हा धोका मान्य केला. फार विरळा, १० हजारांत जास्तीत जास्त एक. पण अचानक दिसेनासं झालं तर लगेच डॉक्टर.
- स्नायू कमी होणं. उतरलेल्या वजनात चरबीसोबत स्नायूही जातात. म्हणून पुरेसं प्रथिन आणि वजनांचा व्यायाम लागतो. नुसतं 'भूकच नाही' म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढला तर ताकदच जाते.

तरुण वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी. टिर्झेपटाइडमुळे तोंडावाटे घेतलेल्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. मूल हवं असेल तर सेमाग्लूटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. आणि ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला हे इंजेक्शन चालू आहे हे सांगायलाच हवं, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

अजून एक गोष्ट रीलमध्ये कधीच येत नाही. इंजेक्शन थांबवलं की मेंदूतला तो मेसेजही थांबतो. वरच्या चाचणीतल्या काही लोकांकडे औषध बंद केल्यावर वर्षभर लक्ष ठेवलं. उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे लग्नाआधी तीन महिने घेऊन सोडून देण्याचं हे औषध नाही. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसतं, तसंच हे.

चिठ्ठी म्हणजे फक्त कागद नाही

आता मूळ प्रश्नाकडे. मेडिकलवाला चिठ्ठी मागतो तेव्हा आपल्याला वाटतं, ही फॉर्मॅलिटी. पण वरचे धोके परत वाचा. प्रत्येकाला एक प्रश्न जोडलेला आहे. रक्तदाब किती? घरात थायरॉइडचा कॅन्सर कुणाला? मधुमेहाच्या दुसऱ्या गोळ्या चालू आहेत का? कारण काही गोळ्यांसोबत साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी कधी जेवण टाळण्याचा किंवा खाऊन मुद्दाम उलटी करण्याचा आजार होता का? नैराश्य आहे का? डॉक्टर हे प्रश्न विचारतो, डोस ठरवतो, महिन्यानं परत बोलावतो आणि काही बिघडलं तर थांबवतो. चिठ्ठी म्हणजे हे सगळं झाल्याची पावती.

लेबलप्रमाणे ही इंजेक्शनं बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी आहेत. वजनामुळे होणारा दुसरा आजार असेल, उदाहरणार्थ रक्तदाब, तर २७ पासून. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर बीएमआय ३० म्हणजे जवळपास ८२ किलो, आणि २७ म्हणजे साधारण साडेत्र्याहत्तर किलो. त्याच उंचीच्या ६२ किलोच्या मुलीला सेल्फीत गाल मोठे दिसतात, म्हणून हे औषध बनलेलं नाही. तिच्यासाठी फायदा जवळपास शून्य, धोके मात्र सगळे.

फोनवर हे सगळं कसं गळून पडतं

लेख लिहिण्याआधी मी एका सोशल मीडिया पेजला साधा मेसेज टाकला: "वजन कमी करायचंय, पेन मिळेल का?" काही मिनिटांत उत्तर आलं. त्यात तीन प्रश्न होते. पिनकोड काय, किती पेन हवेत, पेमेंट कसं करणार. वय, उंची, वजन, आजार, चालू औषधं, यातलं काहीही नाही. मी पंधरा वर्षांचा असतो तरी त्याला चाललं असतं.

डॉक्टर गाळला की काय होतं ते आपण पाहिलं. पण औषधच खोटं असलं तर? जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बनावट ओझेम्पिकबद्दल इशारा दिला. ते ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलं होतं. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात संशयित बनावट पेन टोचल्यावर काही लोकांची साखर एकदम उतरली, त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. त्या पेनमध्ये इन्सुलिन असावं असा तिथल्या अधिकाऱ्यांचा संशय होता.

पेन खरं असलं तरी प्रवास महत्त्वाचा. ही इंजेक्शनं वापर सुरू होईपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला साध्या पाकिटातून कुरिअरनं आलेल्या पेनची काय अवस्था असेल, कल्पना करा. बाहेरून ते तसंच दिसतं.

आणि "आमचं तर हर्बल आहे, केमिकल नाही" म्हणणाऱ्यांचं काय? इथे सिब्युट्रामिन परत येतं. बंदी आलेलं हे औषध 'नैसर्गिक' स्लिमिंग कॅप्सूल, चहा आणि पावडरींमध्ये लपवून मिसळलेलं अमेरिकेच्या एफडीएला कितीतरी वेळा सापडलं आहे. डब्यावर फक्त वनस्पतींची नावं असतात. 'हर्बल' घेऊन पहिल्याच दिवशी भूक गायब झाली, छाती धडधडली, झोप उडाली, तर आनंदानं रिव्ह्यू लिहू नका. ते बंद करा आणि डबा घेऊन डॉक्टरकडे जा.

आपल्याकडे कायदाही आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपचार यांबाबतच्या जाहिरात कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि लठ्ठपणा त्या यादीत आहे. म्हणजे '१० दिवसांत १० किलो'वालं औषध तुमच्या फीडमध्ये दिसतंय, हीच पहिली शंका घ्यायची जागा. अल्गोरिदमला हे कळत नाही. तुम्ही जिमच्या व्हिडिओवर चार सेकंद जास्त थांबलात, एवढंच त्याला कळतं.

फोन चांगल्या कामाला लावा

- डॉक्टर तपासा. ऑनलाइन सल्ला बेकायदा नाही, २०२० पासून त्याचे नियम आहेत. पण चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. तो मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतो.
- चिठ्ठी न मागणारं दुकान टाळा. ऑनलाइन असो की कोपऱ्यावरचं. न मागता देतो म्हणजे तो तुमच्यावर मेहेरबानी करत नाहीये.
- बिल घ्या आणि बॅच नंबरचा फोटो ठेवा. बिल द्यायला टाळाटाळ झाली की व्यवहार तिथेच थांबवा. नुसता क्यूआर कोड आहे म्हणून विश्वास ठेवू नका, तोही छापता येतो.
- त्रास झाला तर कळवा. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करायला भारत सरकारची १८००-१८०-३०२४ ही मोफत हेल्पलाइन आहे. रुग्णही फोन करू शकतो. मेयो क्लिनिकनं २४ फाइल्स शेजारी ठेवल्या म्हणून झडपांचा धोका कळला होता. तुमची नोंद म्हणजे तशीच एक फाइल.
- खाण्यावरून मन खात असेल तर बोला. आरशात बघणं नकोसं होतंय, जेवल्यावर अपराधी वाटतंय, तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

शेवटी एवढंच

भूक कमी करणारी औषधं वाईट नाहीत. योग्य माणसाला, योग्य डोसमध्ये, कुणाच्या तरी नजरेखाली दिली तर ती आयुष्य बदलू शकतात. पण जवळपास शंभर वर्षांचा अनुभव सांगतो की यातल्या प्रत्येक औषधानं भुकेशिवाय आणखी कशाला तरी हात लावला, आणि कुणीतरी रुग्णाकडे बघत होतं म्हणूनच ते वेळेत कळलं. डीएममधून पेन मागवलं की औषध मिळतं, पण ते बघणारं माणूस मिळत नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी असं पेन मागवायच्या विचारात असेल, तर त्याला टोमणे मारू नका, हा लेख पाठवा. आणि जमलं तर त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. काही प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे खाली विचारा, भेटूया पुढच्या लेखात!